मदत हवी आहे: रात्रीचं ओलीत संपलं, पण झोप काही परत आली नाही (गोळ्या नको)

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात आमचं वावर आहे, वय 43. हिवाळाभर हरभऱ्याला रात्रीचं ओलीत केलं, कारण आमच्याकडे थ्री-फेज लाईन काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. ओलीत नसेल त्या रात्री रोही-रानडुकरांसाठी जागल. हरभरा घरात येऊन दोन महिने होत आले. मोटर बंद, जागल बंद, तरी डोळा लागत नाही.

झोप भरून काढावी म्हणून साडेनऊलाच अंगणात बाज टाकतो. अकरापर्यंत नुसत्या कुशी. लागलाच डोळा तर दीड-पावणेदोनला खाडकन उघडतो आणि कान आधी विहिरीकडे जातो, मोटर चालू आहे का म्हणून. विहीर दोन किलोमीटरवर! मग सोसायटीचं कर्ज, पोरीची फी, बियाणं, सगळं डोक्यात फिरतं. पहाटे झोप लागते तोवर ढोरं सोडायची वेळ.

दूध-जायफळ झालं, तळपायाला तेल झालं. मेडिकलवाल्यानं चिठ्ठीविना गोळी दिली होती. दुसऱ्या दिवशी गाडीवर झापड आली, तेव्हापासून हात लावला नाही. दुपारी दोन तास कडुनिंबाखाली पडतो. चहा पाच वेळा, खर्रा तीन-चार, शेवटचा जेवणानंतर. कोणाची झोप अशी परत आली असेल तर सांगा.

—

भाऊ, मी उपकेंद्रात नर्स आहे. खर्रा तुम्ही जाता जाता लिहिला, पण मला आधी तोच दिसला. तंबाखू आणि सुपारी दोन्ही मेंदूला जागं ठेवतात. जेवणानंतरचा आजच बंद करा. चहा दुपारनंतर नको, त्याचा असर बरेच तास राहतो.

साडेनऊला आडवं होऊ नका. झोप अकराला येते ना, मग अकरालाच बाज टाका, आणि उठायचं रोज साडेपाचलाच, रात्र कशीही गेली तरी. वीसेक मिनिटं डोळा लागला नाही तर उठून बसा, मोबाईल न पाहता. झोप आली की परत पडा. बाजेवर पडून काळजी करायची सवय अशीच मोडते. पहिला आठवडा जड जातो, दिवसा पेंग येते, तेव्हा गाडी सांभाळून. कर्ज-फीचं संध्याकाळीच वहीत लिहून ठेवा.

घोरत असाल किंवा मन सारखं उदास असेल तर डॉक्टरांना दाखवाच. टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, तिचा 14416 हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

—

ताई, खर्रा आजपासून बंद, बायकोसमोर बोललो. वही पोरीनं दिली. फक्त दुपारचं सांगा, या उन्हात वावरात उभं राहवत नाही, दोन तास काढू कसे?

—

पडा, पण अर्धा तासच, तीनच्या आत. पोरीला उठवायला सांगा.