कापूस निघाल्यावर रहस्यपटाचे रिशूट कसे आखावे?

प्रश्न (यवतमाळ जिल्हा)
आम्ही विद्यार्थ्यांनी डिसेंबरमध्ये एक लघुपट चित्रित केला. खेडा खरेदी करणाऱ्या, म्हणजे गावात येऊन शेतकऱ्यांकडून कापूस विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याची रोकड नाहीशी होते आणि त्याच्याकडचा तरुण रात्री पऱ्हाटीतून (कापसाच्या उभ्या झाडांतून) चोराचा पाठलाग करतो, अशी कथा आहे. कच्चे संकलन पाहणाऱ्यांना चोर फार लवकर ओळखू आला, शिवाय पाठलागात कोण कोणाच्या मागे आहे हेच उमगले नाही. आता फेब्रुवारी संपत आला आहे, शेत रिकामे झाले आहे आणि नायकाने केस बारीक कापले आहेत. कॅमेरा थोड्याच दिवसांसाठी मिळणार असल्याने नेमके काय पुन्हा घ्यावे?

उत्तर (संकलक, नागपूर)
चोर लवकर ओळखू येणे हा दोष अनेकदा संकलनातच दूर होतो. प्रत्येक प्रसंगापुढे प्रेक्षकाला काय ठाऊक आहे आणि नायकाला काय ठाऊक नाही, हे लिहून काढा; चोराच्या चेहऱ्यावर कॅमेरा गरजेपेक्षा जास्त रेंगाळला असेल, तर तो शॉट काढून लघुपट पुन्हा पाहा. त्यानंतर जिथे शॉट कमी पडतो, तिथे संकलनात पडदाभर काळी पाटी टाकून तिच्यावर ‘कुलूप, जवळून’ असे लिहा, ती अपेक्षित वेळेपुरती ठेवा आणि लघुपट न पाहिलेल्या माणसाला दाखवा. ज्या पाट्यांवाचून कथा अडते, तेवढेच शॉट घ्या. कुलूप, थैली, वजनकाटा हे तर त्याच लेन्सने एखाद्या खोलीतही घेता येतात.

केसांसाठी मफलर चालेल, परंतु नायक तो बांधताना दिसला पाहिजे आणि तिथून पुढचा पाठलाग संपूर्ण नव्याने घेतला पाहिजे. तो घेताना दोघांनाही सतत डावीकडून उजवीकडे धावू द्या. दिशा बदलायचीच असेल, तर मध्ये समोरून किंवा पाठीमागून एक सरळ शॉट ठेवा. गोंधळाचे मूळ बहुधा इथेच असावे.

उत्तर (शेतकरी, वर्धा जिल्हा)
ओलिताच्या काही शेतांत अजून फरदड (वेचणीनंतरही पाणी देऊन राखलेली पऱ्हाटी) उभी दिसेल, पण गुलाबी बोंडअळीमुळे ती न ठेवण्याचा सल्ला कृषी विभाग देतो. म्हणून चित्रीकरणासाठी पीक राखून ठेवा, असे कोणत्याही शेतकऱ्याला सुचवू नका. उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग गावात जळणासाठी रचलेले असतातच. त्यांतल्या थोड्या मागून घेऊन कॅमेऱ्यापुढे दोन ओळींत रोवल्या, तर रात्री टॉर्चच्या उजेडात जवळच्या चौकटीला तेवढे शेत पुरते.

उत्तर (छायाचित्रकार, अमरावती)
आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेवा. तरीही स्वस्त एलईडी दिवे लुकलुकू शकतात, म्हणून आधी चाचणी घ्या. या दिवसांत गहू-हरभऱ्याचे मळणीयंत्र सुरू असते, म्हणून प्रत्येक जागी कोणीही न बोलता मिनिटभर तिथला नुसता परिसराचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवा.

एक गोष्ट मात्र मी आग्रहाने सांगतो. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी काही जण कुंपणाच्या तारेत बेकायदा वीजप्रवाह सोडतात आणि त्यात माणसे दगावली आहेत. ज्या शेतात धावायचे आहे ते दिवसाउजेडी मालकासोबत बांधापर्यंत फिरून पाहा, शेजारच्या शेतकऱ्यांना आणि पोलीस पाटलांना वेळ कळवा, आणि ठरलेल्या वाटेबाहेर एकही शॉट घेऊ नका.