आधीच मर्कट, त्यात फाल्गुन मास

सोसायटीच्या बैठकीत पार्किंगवरून नेहमीचा वाद चालला होता. खजिनदार वैतागून म्हणाले, "किती वेळा सांगायचं? पालथ्या घड्यापुढे वाचली गीता!" माना डोलल्या, पुढचा विषय निघाला. गाढव गायब, पाणीही गायब, पण अर्थ जागच्या जागी. दोन्ही म्हणी एकच गोष्ट सांगत असल्या की सांधा कुणाच्या लक्षात येत नाही.

शीर्षकातली म्हण आमच्या ऑफिसातली. तिथे अर्थ नाही, साचा जुळलाय. 'आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास' म्हणजे मुळात कामाचा कंटाळा, वर शिमग्याचं निमित्त. 'आधीच मर्कट, तशातही मद्य प्याला' हा मात्र निव्वळ धुमाकूळ. 'आधीच' म्हटलं की जीभ उताराला लागते, पुढे कुठल्या म्हणीत शिरेल नेम नाही. बाकी शिमग्यातलं माकड मला प्यायलेल्या माकडाइतकंच धोकादायक वाटतं, तेव्हा ही म्हण खुशाल चालू द्यावी.

खरा गोंधळ अवयवांचा. मिऱ्या वाटायच्या डोक्यावर आणि टिच्चून वागायचं नाकावर. पण "धाकटी जाऊ माझ्या नाकावर मिऱ्या वाटते" असं ऐकलंय. शिंकून जीव जायचा! तसंच 'हातावर तुरी देणे' म्हणजे निसटणे, 'तोंडाला पाने पुसणे' म्हणजे फसवणे. आता "चोर पोलिसांच्या तोंडाला तुरी देऊन पळाला" म्हटल्यावर पोलीस बिचारे तुरी चघळत उभे दिसतात.

तुमच्या कानावर आलेली अशी भेसळ सांगा. मुद्दाम केलेले विनोद नकोत, अनवधानानेच निसटलेली हवी.

प्रतिसाद १: आमच्याकडे "वरातीमागून झोपा केला" सर्रास चालतं. बोलणाऱ्याला झोपा म्हणजे झोप वाटते: वरात गेली, हा आपला झोपलेलाच! मूळ म्हणीतला झोपा म्हणजे गोठ्याला लावायचं काटक्याकुडाचं दार. बैल गेल्यावर ते लावून काय उपयोग? गोठेच राहिले नाहीत, तर झोपा कोण ओळखणार?

प्रतिसाद २: "इकडे आड, तिकडे फुफाटा." चूक म्हणायची तरी कशी? मूळ म्हणीत दोन्हीकडे पाणीच. इथे निदान निवड तरी आहे.

प्रतिसाद ३: मास्तर म्हणून माझा एक आक्षेप. पेपरात 'नाचता येईना, ओली लाकडे' असं आलं, तर मी गुण कापणार. पण 'नाचता येईना अंगण वाकडे, स्वयंपाक येईना ओली लाकडे' ही जोडम्हणच आहे. पोराने मधलं गाळलं, इतकंच. अर्धा गुण देऊ का?

धागाकर्ता: द्या की! आणि वाकडं अंगण त्याच्याकडून शेणाने सारवून घ्या.