संक्रांतीच्या वाणात सीए-१२५ चं कूपन: तुमचं मत काय?

रानजाई:
आमच्या सोसायटीच्या महिला मंडळात यंदा हळदीकुंकवाच्या वाणावरून वाद पेटलाय, म्हणून इथे विचारते. दरवर्षी प्लास्टिकचे डबे नाहीतर चहाची गाळणी वाटतो. यंदा मी सुचवलं, की एका लॅबकडून ओव्हरीच्या, म्हणजे बीजांडकोशाच्या कॅन्सरसाठी करतात त्या सीए-१२५ या रक्तचाचणीची सवलतीची कूपनं घेऊ आणि तीच वाण म्हणून देऊ. ६० बायका आहेत, निम्म्याहून जास्त पन्नाशीच्या पुढच्या.

कारण माझी आत्या. गेल्या वर्षी ओव्हरीच्या कॅन्सरने गेली. त्याआधी आठ महिने तिच्यावर गॅसचे उपचार चालू होते. सकाळी उपाशीपोटी गोळी, जेवणानंतर चूर्ण. अर्धी भाकरी खाल्ली की ताट सरकवायची, आम्ही म्हणायचो वय झालं. दिवाळीत मला म्हणाली, "अगं, ब्लाऊज सगळे ढगळ झालेत आणि परकराची नाडी मात्र पुरत नाही." दोघी हसलो. ते पोटातलं पाणी होतं. सोनोग्राफी झाली तेव्हा रोग पोटभर पसरला होता.

जगभरातल्या कॅन्सरचे आकडे देणाऱ्या ग्लोबोकॅनच्या २०२२ च्या अंदाजाप्रमाणे भारतात वर्षाला ४७ हजारांवर नव्या रुग्ण आणि जवळपास ३३ हजार मृत्यू. बायकांच्या कॅन्सरमध्ये स्तन आणि गर्भाशयमुखानंतर तिसरा नंबर. तरी याचं नाव कोणी काढत नाही. कूपन द्यावं की नाही?

शालन_काकू:
सणासुदीला कॅन्सर कशाला गं? सवाष्णीच्या हातावर तिळगूळ ठेवायचा की लॅबची चिठ्ठी?

रानजाई:
काकू, आत्यापण सवाष्णच होती.

आकडेमोड:
आत्यांचं वाचून वाईट वाटलं. कूपनाला मात्र माझा साफ विरोध. हा प्रयोग होऊन गेलाय, तोही दोनदा.

अमेरिकेत ७८ हजार बायकांवर पीएलसीओ नावाचा अभ्यास झाला, निकाल २०११ मध्ये आला. निम्म्या बायकांची काही वर्षं दरवर्षी सीए-१२५ आणि आतून सोनोग्राफी केली, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. ओव्हरीच्या कॅन्सरने मेलेल्या बायका: तपासलेल्या गटात ११८, दुसऱ्या गटात १००. वाचलं कोणी नाही. उलट ३,२८५ जणींना खोटा इशारा मिळाला, त्यातल्या १,०८० जणींचं ऑपरेशन झालं आणि १६३ जणींना ऑपरेशनमधून गंभीर त्रास झाला. या सगळ्यांना कॅन्सर नव्हता, हे परत वाचा.

ब्रिटनमधला अभ्यास याहून मोठा. २ लाखांवर बायका, वय ५० ते ७४, भरती २००१ ते २००५, पाठपुरावा साधारण १६ वर्षं. निकाल २०२१ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. तिथे रक्तचाचणीच्या गटात तिसऱ्या-चौथ्या स्टेजच्या केसेस १० टक्क्यांनी कमी निघाल्या, म्हणजे रोग थोडा आधी सापडला. मृत्यू मात्र तेवढेच. २०१८ मध्ये अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीनेसुद्धा पुन्हा सांगितलं, त्रास नसलेल्या आणि घराण्यात जनुकदोष नसलेल्या बायकांनी ही तपासणी करू नये.

तुम्ही ६० बायकांना करायला सांगताय.

रानजाई:
तुमचे आकडे वाचले. आता माझा एक घ्या. रोग ओव्हरीपुरता असताना सापडला तर अमेरिकेत शंभरातल्या ९० हून जास्त जणी पाच वर्षं जगतात, लांब पसरल्यावर तीसच्या आसपास. यात न समजण्यासारखं काय आहे? लवकर शोधायचा, बाई वाचवायची.

आकडेमोड:
इथेच सगळे फसतात, मीपण फसलो होतो. गावाच्या रस्त्यावर अधूनमधून नुसती नजर टाकलीत तर बैलगाड्या जास्त दिसतील. मोटरसायकल तुम्ही वळून बघेपर्यंत गेलेली असते. ओव्हरीचा कॅन्सर हा एक रोग नाही. पहिल्या स्टेजला सापडणाऱ्या गाठींत संथ जातीच्या बऱ्याच. जो बहुतेक बायकांना मारतो तो हाय ग्रेड सीरस नावाचा वेगवान प्रकार. तो बऱ्याचदा बीजवाहिनीच्या टोकाला सुरू होतो आणि ओव्हरीत गाठ दिसायच्या आत पोटात विखुरलेला असतो. नव्वद टक्केवाल्या आणि तीस टक्केवाल्या बायकांचा रोगच पुष्कळदा वेगळा असतो. तीस टक्केवाल्यांना नुसतं आधी पकडलं म्हणून त्या नव्वदच्या रांगेत जात नाहीत.

लॅबवाला:
वीस वर्षं रक्त काढतोय, म्हणून लिहितो. ३५ च्या वर आकडा गेला की रिपोर्टवर ठळक छापून येतो. पण पाळी चालू असेल, फायब्रॉइड म्हणजे पिशवीत साध्या गाठी असतील, एंडोमेट्रिओसिस म्हणजे पिशवीचं अस्तर बाहेर वाढलं असेल, लिव्हर बिघडलं असेल, तरी तो ३५ च्या वर जातो. आपल्याकडे आणखी एक भर म्हणजे पोटाचा टीबी. त्यात पोटात पाणीपण होतं आणि सीए-१२५ कित्येकशेवर जातो. बाई घरच्यांचा निरोप घेऊन ऑपरेशनला जाते आणि बायोप्सीत टीबी निघतो. उलट बाजू अशी, की पहिल्या स्टेजच्या साधारण निम्म्या बायकांचा आकडा नॉर्मल येतो. त्या रिपोर्ट घडी घालून कपाटात ठेवतात आणि निर्धास्त होतात.

आणि धंद्यातलं एक सांगतो. कूपनात लॅब कमावत नाही. कूपनानंतर कमावते.

गोदाकाठ:
बीडकडचा आहे मी. आमच्याकडं ऊसतोड बायांना जागृती करून झालीय! "पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल" असं सांगायचं, की बाई अंगावरचं डोरलं मोडून ऑपरेशन करायची. २०१९ मध्ये बोभाटा झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यातल्या साडेतेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. तिशीतल्या बाया होत्या. कॅन्सर हा शब्द कोणाच्या तोंडून, कोणापुढं निघतो यावर लई अवलंबून असतं. पुण्याच्या सोसायटीत आणि फडावर एकच पोस्टर लावू नका.

पुन्हा_उभी:
धागा दोन दिवस वाचतेय, राहवलं नाही. मला ४९ व्या वर्षी ३सी स्टेजला, म्हणजे रोग पोटात पसरल्यावर, निदान झालं. केमो, मोठं ऑपरेशन, परत केमो. सहा वर्षं झाली.

आकडेमोड, तुमचे दोन्ही अभ्यास खरे आहेत. पण ते ज्या बायकांवर झाले त्यांना काही होत नव्हतं. मला होत होतं! पोट फुगायचं, दोन घासांत पोट भरायचं, ओटीपोटात दुखायचं, आणि रात्रीतून चार वेळा लघवीला उठायची. चार महिने. त्यात मी तीन डॉक्टर बदलले. एकाने मेनोपॉज सांगितला, एकाने टेन्शन, एकाने पोळ्या बंद करा म्हणून सांगितलं. मेनोपॉजचा सल्ला देणाऱ्याने पोटाला हातही लावला नाही. तेव्हा "त्रास नसताना तपासू नका" याचा अर्थ लोक "कॅन्सरचं बोलू नका" असा काढतात, त्याला माझा विरोध आहे.

या लक्षणांचा एक साधा हिशोब आहे. २००७ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मांडला: त्रास वर्षभराच्या आतला, म्हणजे नवा हवा, आणि महिन्यात १२ हून जास्त दिवस हवा. गॅस सगळ्यांनाच होतो, पण महिन्यातले १२-१५ दिवस, तेही पन्नाशीत पहिल्यांदाच, हे वेगळं. ब्रिटनमध्ये २०११ साली डॉक्टरांना सांगितलं गेलं की अशी बाई आली तर सीए-१२५ करा आणि ३५ किंवा वर आला तर सोनोग्राफी. तीच चाचणी आहे, लॅबवालेदादा. फक्त बाई वेगळी.

आकडेमोड:
ताई, हे पटलं. तरी लक्षणांवरचा भरवसा फार ताणू नका. ती लक्षणं बऱ्याचदा पसरल्यावरच येतात. त्याच हिशोबाने सुरुवातीच्या स्टेजच्या साधारण निम्म्याच बायका हाताला लागल्या होत्या.

शिवाय मंडळाचा पैसा आणि वेळ मोजका. धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर मोठा अभ्यास झाला, १ लाख ३१ हजार बायका, २००९ चा निकाल. ज्या विषाणूमुळे तो होतो त्या एचपीव्हीची चाचणी एकदाच केली तर त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. आपल्या मराठवाड्यातल्या बायकांवरचा पुरावा, जगभर वाखाणला गेला. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या बायकांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तिन्हींची तपासणी फुकट आहे. तुमच्या ६० पैकी किती जणींनी केलीय? तिथे न्या त्यांना.

पुन्हा_उभी:
न्याच. पण गर्भाशयमुखाचं करायचं म्हणून ओव्हरीचं बोलायचं नाही, हा कुठला हिशोब? आणि निम्म्या तर निम्म्या! ब्रिटनमध्ये लक्षणांवरून तातडीने पाठवलेल्या बायकांचा अलीकडचा अभ्यास आहे. हाय ग्रेड सीरस निघालेल्यांतल्या चौघींत एकीचा रोग पहिल्या-दुसऱ्या स्टेजचा होता, आणि दिसणारा रोग ऑपरेशनमध्ये पूर्ण काढता येण्याचं प्रमाण ६० टक्क्यांच्या पुढे. तिसऱ्या स्टेजलासुद्धा पोटात किती उरलं यावर पुढची वर्षं ठरतात. माझ्या सर्जनने बाहेर येऊन नवऱ्याला पहिलं वाक्य तेच सांगितलं होतं, "डोळ्याला दिसेल असं काही ठेवलं नाही."

रानजाई, कूपन नको. कॅलेंडर वाटा. दूध आलं नाही की आपण त्यावर फुली मारतोच, पोट फुगलेल्या दिवशी त्याच चौकोनात पेन्सिलीने टिंब द्यायचं. महिनाअखेर टिंबं बाराच्या वर गेली तर ते पान घेऊन डॉक्टरकडे जायचं. "मला गॅस होतो" म्हटलं की गोळी मिळते. पान पुढे ठेवलं की डॉक्टर निदान मोजतो तरी.

लॅबवाला:
हे भारी आहे. माझं गिऱ्हाईक कमी होईल, पण भारी आहे.

शालन_काकू:
जानेवारीत कॅलेंडर कोणाला नको असतं? याला माझी ना नाही. पण वर ते कॅन्सर-बिन्सर मोठ्या अक्षरात छापू नका.

रानजाई:
नाही छापत, काकू. मागच्या पानावर चार ओळी टाकू. आकडेमोड, सरकारी तपासणीचं मंडळात बोलते, रिक्षा करून दहा-दहा जणी नेता येतील. मात्र मला अजून वाटतं की आपण सगळा भार बाईवर टाकतोय. टिंबं तिने द्यायची, पान तिने न्यायचं. आत्याच्या डॉक्टरला कोण कॅलेंडर देणार?

एक विचारायचं राहिलं. घरच्यांचं म्हणणं, आत्या बाबांकडची, मला आईकडून काही नाही, म्हणजे मी सुटले. बरोबर ना?

पुन्हा_उभी:
नाही गं. हा कॅन्सर घराण्यात चालतो तो बीआरसीए नावाच्या जनुकातल्या दोषामुळे, आणि तो दोष बापाकडूनही येतो. बाबांना ओव्हरी नाही म्हणून तो दिसत नाही, इतकंच. बीआरसीए-१ मध्ये दोष असेल तर आयुष्यभरात शंभरातल्या साधारण ४० जणींना हा कॅन्सर होतो, बीआरसीए-२ असेल तर १५-१७ जणींना. हा दोष निघालेल्या बायका मुलंबाळं झाल्यावर, पस्तिशी-चाळिशीनंतर, ओव्हरी आणि बीजवाहिन्या काढून टाकायचा विचार करतात. अँजेलिना जोलीने २०१५ मध्ये केलं ते हेच, तिची आई याच रोगाने गेली होती.

माझी जनुक तपासणी झाली, खरं तर या कॅन्सरच्या प्रत्येक बाईची व्हायला हवी. आत्यांची झाली होती का? नसेल तर आता त्यांच्या मुलांपासून सुरुवात करा. आतेबहीण आहे का तुला?

रानजाई:
आहे, ३८ ची. तपासणीचं कोणी काही बोललंच नव्हतं. तिला आज रात्री फोन करते. बाबांना कसं सांगायचं ते कळत नाहीये, आत्या गेल्यापासून ते तिचा विषय निघाला की उठून गॅलरीत जातात.