युगांडातल्या अनाथालयात चर्चबरोबर १२ दिवस: काय न्यावं, काय नको?

नगरची_लेक:
नमस्कार मंडळी. मी मूळची नगरची, आता टेक्ससमध्ये. आमच्या चर्चचे १४ जण जुलैत युगांडाला जिंजाजवळच्या एका अनाथालयात सेवेला चाललेत, त्यात मीही आहे. विमान आणि राहणं चर्च बघतंय. लसी, औषधं, बॅग, बूट आणि मुलांसाठी भेटी हे सगळं मला ४०० डॉलरमध्ये बसवायचंय, त्यावर एक पैसाही नाही. येताना दुबईहून मुंबईला उतरून आईकडे आठवडाभर राहणार आहे. माझे प्रश्न: बॅग कोणती, मलेरियाची गोळी कोणती, मुलांना काय न्यावं? मी पगारपत्रकं करते, नर्स किंवा शिक्षिका नाही. संडे स्कूल मात्र ९ वर्षं घेतेय.

भटकबहाद्दर:
बॅगेत काटकसर करू नका. मी ५५ लिटरची पाठीवरची बॅग २६० डॉलरला घेतली. किलिमांजारो, लडाख, हरिश्चंद्रगड, सगळीकडे तीच, अजून एक शिवण उसवलेली नाही. बूटही घोट्यापर्यंतचे, जलरोधक. त्याचे १८० धरा.

नगरची_लेक:
दादा, एवढ्यातच माझे ४०० संपून वर ४० खिशातून जातात :)

पिवळं_कार्ड:
बॅग राहू द्या बाजूला. यलो फीव्हरची लस घेतली का? युगांडात शिरताना तिचं कार्ड लागतं. तुम्ही तिकडून भारतात उतरणार, म्हणजे इथेही लागतं. लस घेतल्यावर १० दिवसांनीच कार्ड ग्राह्य होतं. मी निघायच्या चार दिवस आधी लस टोचली, आठवडाभरात काम उरकून परतलो तेव्हा दहा दिवस भरलेच नव्हते. मुंबईला उतरल्यावर अलगीकरणात गेलो. बहिणीच्या मुलीची हळद होती त्या दिवशी. चूक माझीच, पण ती हळद काही परत आली नाही. नियमाप्रमाणे सहा दिवसांपर्यंत ठेवू शकतात. आजच वेळ घ्या.

बालरोग_सातारा:
वरचं बरोबर आहे. एकदा घेतलेली लस आता जन्मभर चालते, २०१६ पासून तसा नियम आहे. गटात साठीपुढचं कोणी असेल तर त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये, ही जिवंत विषाणूची लस आहे. मलेरियासाठी अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल जायच्या एक-दोन दिवस आधी सुरू आणि आल्यावर सात दिवस. डॉक्सिसायक्लिन स्वस्त पडते, पण आल्यावर चार आठवडे घ्यावी लागते आणि उन्हाने कातडी भाजते. तुमच्या बजेटला दुसरी बसेल, निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. व्हिक्टोरिया सरोवरात पोहू नका, पायही बुडवू नका. तिथल्या गोगलगायींतून बिल्हार्झियाचा जंत कातडीतून आत शिरतो.

भटकबहाद्दर:
आमच्या गटातले चौघे सरोवरात पोहले होते, काही झालं नाही.

बालरोग_सातारा:
लक्षणं दिसायला आठवडे-महिने जातात. त्या चौघांना तपासणी करून घ्यायला सांगा. मनापासून सांगतोय.

ह्यूस्टनवासी:
आम्ही २०१८ ला गेलो होतो. दोन मोठ्या बॅगा भरून कपडे, खेळणी, चॉकलेटं नेली. मुलं धावत येऊन गळ्यात पडली, माझ्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्य बदलून टाकणारा अनुभव! भरपूर न्या. स्टिकर आणि फुगे तर हवेतच.

कंपालाकर:
मी ११ वर्षं कंपालात आहे, कामानिमित्त महिन्यातून दोनदा जिंजाला जातो. कपडे आणू नका. अमेरिका-युरोपातले जुने कपडे इथे गाठोड्यांनी येतात, 'मिवुंबा' म्हणतात त्यांना, ओविनो बाजारात डोंगर लागलेले असतात. मुलांना गणवेश लागतो आणि तो जिंजातला शिंपी शिवून देतो, त्याच्याही घरी चूल पेटते. मोठ्या मुलींसाठी पाळीत धुऊन वापरायचे आफ्रिपॅड्स घ्या, इथेच बनतात. जुलैत इथलं दुसरं सत्र चालू असतं, मुलं दिवसभर शाळेत. १४ पाहुणे दिवसभर काय करणार, हे चर्चने विचारलंय का?

आणि पैसे: डॉलरच्या नोटा नव्या आणि न दुमडलेल्या आणा, जुन्या छपाईच्या नोटा नाकारतात. चार्जरची पिन लागते तीन चौकोनी पायांची, इंग्लंडसारखी.

सांगलीचा_मास्तर:
जिंजा म्हणजे जिथून नाईल निघते तेच ना? गांधीजींच्या अस्थी १९४८ साली तिथे सोडल्या होत्या. पुतळाही आहे.

कंपालाकर:
तेच. मुख्य रस्त्यावरच्या जुन्या इमारतींवर गुजराती मालकांची नावं आणि सालं अजून कोरलेली आहेत. १९७२ ला इथला हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत हाकललं, त्यांचीच ती घरं. चपाती मात्र राहिली. तिच्यात अंड्याचं आम्लेट गुंडाळून रस्त्यावर विकतात, त्याला 'रोलेक्स' म्हणतात. ताई, नक्की खा, पण समोर तव्यावरून उतरलेली.

केडगावची_नात:
सगळे सामानावर बोलतायत, मला दुसरंच बोलायचंय. माझी आजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. पंडिता रमाबाईंनी १८८९ ला काढलेली संस्था. आजी तिथल्या परदेशी बायांबद्दल भरभरून बोलायची. पण त्या आल्या त्या राहिल्या. मराठी शिकल्या, भाकरी थापायला शिकल्या, तिथल्याच मातीत गेल्या. आजीला मोठेपणी जे पाहुणे आठवायचे ते वेगळे. दोन दिवस यायचे, मांडीवर घ्यायचे, फोटो काढायचे. तिची धाकटी मैत्रीण प्रत्येक पाहुणीला "परत कधी येणार?" विचारायची. नंतर तिने विचारणं सोडलं. हे सांगताना आजी ८१ वर्षांची होती आणि तिचा आवाज कापत होता.

सांगलीचा_मास्तर:
दुरुस्ती. १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. केडगाव त्यानंतरचं, दुष्काळातल्या मुलीबायांना आसरा दिला तेव्हाचं.

केडगावची_नात:
मान्य, सर. आजीचं म्हणणं तेच राहतं.

बालरोग_सातारा:
आजी बोलल्या त्यामागे अभ्यास आहे. रोमानियातल्या बुखारेस्टच्या संस्थांतली १३६ मुलं २००० सालापासून अभ्यासात होती. त्यांतली काही पालक कुटुंबांत दिली, बाकीची संस्थेत राहिली. कुटुंबात गेलेल्यांचं, त्यातही दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचं, माणसाशी नातं जोडणं कितीतरी चांगलं होतं. अनोळखी माणसाच्या गळ्यात लगेच पडणारं मूल बघून आपल्याला भरून येतं. खरं तर ते जवळचं एकच माणूस न मिळाल्याचंही लक्षण असू शकतं.

ह्यूस्टनवासी:
म्हणजे आम्ही चुकीचं केलं असं म्हणायचंय का? आम्ही प्रेमच द्यायला गेलो होतो. त्यानंतर आमचं चर्च दर महिन्याला पैसेही पाठवतंय.

कंपालाकर:
तुमच्या प्रेमावर कोणाचा आक्षेप नाही. प्रश्न संस्थेचा आहे. अनाथालयांतल्या बहुतेक मुलांचे आई-वडील, निदान एक तरी, हयात असतात. गरिबी, शाळेची फी, आजारपण, म्हणून ठेवलेली असतात. पाहुणे आणि देणग्या येत राहिल्या की संस्थेला मुलं लागतात, आणि दलाल खेड्यांत जाऊन आयांना "शिकवतो" सांगून मुलं आणतात. म्हणूनच २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीच्या कायद्याच्या वेळी ऑस्ट्रेलियात याच प्रकारावर चर्चा झाली. शेजारच्या रवांडाने २०१२ पासून संस्था कमी करून मुलं कुटुंबांत पाठवायचं धोरण घेतलंय. सगळ्या संस्था तशा नसतात, पण विचारल्याशिवाय कळत नाही.

ताई, जाण्याआधी त्यांना पत्र लिहा: किती मुलांना जवळचे नातेवाईक आहेत? गेल्या वर्षी किती घरी परतली? सरकारी परवाना आहे का? पाहुण्यांना मुलांबरोबर एकटं सोडतात का? शेवटच्याचं उत्तर "हो" आलं तर जाऊ नका.

भटकबहाद्दर:
मग जाऊच नका, पैसे पाठवा. तिकिटाच्या पैशांत वर्षाची फी निघेल. बॅग मात्र घेऊन ठेवा, पुढे कामाला येईल.

पिवळं_कार्ड:
लस घेतली का ताई?

नगरची_लेक:
दोन आठवडे गप्प होते, माफ करा. लस घेतली, निघायला २६ दिवस आहेत.

पत्र पाठवलं. आमच्या पाळकांना, म्हणजे पास्टरना, आधी आवडलं नाही, ज्या बाई हे सगळं जमवतात त्यांना तर मी अविश्वास दाखवतेय असं वाटलं. दोन रात्री मला झोप नव्हती. उत्तर आलं ते तिथल्या मेट्रनकडून, हाताने लिहून फोटो काढलेलं. ३४ मुलं, त्यांतल्या २७ जणांची आई, आजी किंवा मावशी आहे. गेल्या वर्षी ५ घरी गेली. आणखी पाठवायची आहेत, पण घरोघर जाणाऱ्या समाजसेविकेचा पगार आणि बोडा-बोडाचं, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलचं, भाडं यांचा हिशेब जमत नाही, देणगीदार वेगवेगळ्या कामांना पैसे बांधून देतात. पाहुण्यांना मुलांच्या खोल्यांत प्रवेश नाही.

आमच्या पाळकांनी ज्या वचनावर उपदेश केला होता त्यात अनाथ आणि विधवा एकाच श्वासात येतात. मी ते शंभरदा ऐकलंय आणि दर वेळी फक्त अनाथच ऐकलंय. त्या २७ जणांची आई, आजी किंवा मावशी तिथेच दोन तासांवर आहे.

तर मी जाणार आहे. केडगावच्या ताई आणि भटकबहाद्दर, तुम्हाला पटणार नाही हे माहीत आहे. पण मुलांमध्ये जाणार नाही. मेट्रनला विचारलंय, तिने हो म्हटलंय: बारा दिवस तिच्या कचेरीत बसून तीन वर्षांची पावती-पुस्तकं लावायची, आणि समाजसेविकेचा पगार कुठून निघेल ते तिच्याबरोबर बसून मांडायचं. नंतर दर महिन्याला फोनवर तोच हिशेब चालू ठेवणार. आमच्या गटातले अकरा जण अजून खेळ आणि गाणी घेऊनच जातायत, त्यांच्याशी मी भांडले नाही. दोघी माझ्याबरोबर कचेरीत बसणार आहेत.

बॅग नवऱ्याची जुनी चाकांची व्हीआयपी. बूट रोजचेच. भेटींचे पैसे शिंप्याला, गणवेशांसाठी.

भटकबहाद्दर:
चाकांची बॅग त्या रस्त्यावर टिकणार नाही, सांगून ठेवतो.

कंपालाकर:
टिकेल. इथे शिवून देणारे आहेत. ताई, तिथल्या मुली तुमच्यासमोर गुडघे टेकून नमस्कार करतील, इथली रीतच आहे, गडबडून उचलू नका. "वेबाले" म्हणा, म्हणजे आभार. एंटेबेहून जिंजाला येताना कंपालात वाहतूक फार असते, पहाटेचं विमान असेल तर बरं.

केडगावची_नात:
दर महिन्याचा फोन चुकवू नका. बाकी काही म्हणत नाही.

पिवळं_कार्ड:
कार्ड पासपोर्टलाच रबराने बांधा. मोठ्या बॅगेत ठेवू नका.