क्रिएटिनचा कोणता प्रकार घ्यावा : मोनोहायड्रेट, एचसीएल की बफर्ड?

मानेवाडा_बारबेल :

सर्वांना नमस्कार. मी नागपुरात मानेवाडा परिसरात राहतो. वय ३१, वजन ७२ किलो. गेली दोन वर्षे आठवड्यातून चार दिवस नियमाने बारबेलचा व्यायाम करतो आहे. घरी पिढ्यान्‌पिढ्यांचा शाकाहार असून आम्ही अंडीही खात नाही. प्रथिनांची बाजू दूध, पनीर, डाळी आणि सोयाबीनवर बऱ्यापैकी सांभाळली आहे, तरीही चार महिन्यांपासून माझा स्क्वॉट १०० किलोवर अडकून राहिला आहे. शाकाहारी माणसाला क्रिएटिनचा, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी घेतात त्या पूरकाचा, चांगला उपयोग होतो असे वाचनात आल्यामुळे मागच्या शनिवारी सीताबर्डीवरच्या एका दुकानात गेलो आणि तिथून अधिकच गोंधळून परत आलो.

दुकानदाराने माझ्यासमोर दोन डबे ठेवले. एकात २५० ग्रॅम साधे मोनोहायड्रेट होते आणि दुसऱ्यात क्रिएटिन एचसीएलच्या ७५० मिलिग्रॅमच्या ६० कॅप्सूल. दोन्हींची किंमत जवळपास सारखी होती. मोनोहायड्रेट आता जुने झाले, त्याने पोट फुगते आणि अंगात पाणी साठते, एचसीएलच्या मात्र रोज दोनच कॅप्सूल पुरतात, असे त्याचे म्हणणे होते. आमच्या जिमचे प्रशिक्षकही हेच सांगतात. कार्यालयातला एक सहकारी बफर्ड (आम्लता कमी केलेला) प्रकार वापरतो आणि पोटातल्या आम्लात तो टिकून राहतो असे त्याला वाटते.

माझ्या मनात आणखी एक भीती आहे. मागच्या वर्षी मित्राकडचे मोनोहायड्रेट मी तीन आठवडे घेतले होते. त्याच सुमारास झालेल्या आरोग्य तपासणीत माझे क्रिएटिनीन (किडनीचे काम पाहण्यासाठी रक्तात मोजतात ते) १.४ आले आणि किडनीवर ताण पडतो आहे असे सांगून मला ते थांबवायला लावले. दीड महिन्याने पुन्हा तपासले तेव्हा ते १.१ होते. मी तेव्हा क्रिएटिन घेत होतो हे मला कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

कोणता प्रकार घ्यावा आणि का, हे कोणी नीट समजावून सांगेल का? सकाळी कार्यालयात जाताना बाटलीत पाण्यात मिसळून ठेवले आणि संध्याकाळी जिममध्ये प्यायले तर चालेल का, हेही विचारायचे आहे.

रसायन_धरमपेठ :

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते आणि हा प्रश्न दरवर्षी कोणता ना कोणता विद्यार्थी मला विचारतोच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी डब्यांवरची नावे बाजूला ठेवू. स्नायूला हवा असतो तो क्रिएटिनचा रेणू. जड वजन उचलताना पहिल्या काही सेकंदांत स्नायूतले एटीपी, म्हणजे ऊर्जा पुरवणारा रेणू, झपाट्याने खर्च होते, आणि फॉस्फोक्रिएटिन (क्रिएटिनचे स्नायूत साठलेले रूप) आपला फॉस्फेट देऊन ते पुन्हा भरून काढते. हा साठा जितका भरलेला, तितकी पाचव्या-सहाव्या आवर्तनात दमछाक उशिरा होते, आणि ती एकदोन जादा आवर्तने महिनोन्‌महिने साचत गेली की ताकदीत फरक दिसतो. आपले यकृत आणि मूत्रपिंडे मिळून रोज साधारण एक ग्रॅम क्रिएटिन तयार करतात. उरलेले मांस-मासळीतून येते, कच्च्या मांसात किलोमागे सुमारे चार ते पाच ग्रॅम. दुधात ते नावापुरतेच असते. म्हणूनच शाकाहारी माणसाच्या स्नायूंतला साठा मुळात कमी असतो आणि पूरक घेतल्यावर त्याला वाढायला जागाही जास्त असते. आपण योग्य तेच वाचले आहे.

आता प्रकार. मोनोहायड्रेट म्हणजे क्रिएटिनच्या एका रेणूबरोबर पाण्याचा एक रेणू. वजनाने त्यात सुमारे ८८ टक्के क्रिएटिन असते. एचसीएलमध्ये क्रिएटिनला हायड्रोक्लोरिक आम्ल जोडलेले असते, आणि आम्लाचा रेणू पाण्यापेक्षा जड असल्याने त्यात क्रिएटिन सुमारे ७८ टक्केच उरते. एचसीएल पाण्यात कितीतरी पटींनी अधिक विरघळते हे खरे आहे, आणि जाहिरातीचा सगळा डोलारा याच एका खऱ्या गोष्टीवर उभा आहे. परंतु अधिक विरघळणे म्हणजे अधिक शोषले जाणे असा अर्थ निघायला मोनोहायड्रेटचे शोषण मुळात अपुरे असायला हवे होते. तसे ते नाही. नेहमीच्या मात्रेतले मोनोहायड्रेट आतड्यांतून जवळजवळ पूर्ण शोषले जाते. शिवाय आपल्या जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतेच, त्यामुळे तिथे पोहोचल्यावर दोन्ही प्रकारांतले क्रिएटिन विरघळलेल्या एकाच रूपात येते. जठर जे काम फुकट करते त्यासाठी वेगळे पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही.

आपल्यासमोर ठेवलेल्या दोन डब्यांचाच हिशेब मांडून बघा. ७५० मिलिग्रॅमच्या ६० कॅप्सूल म्हणजे ४५ ग्रॅम एचसीएल, आणि त्यात क्रिएटिन सुमारे ३५ ग्रॅम. २५० ग्रॅम मोनोहायड्रेटमध्ये ते सुमारे २२० ग्रॅम. किंमत सारखी आणि माल सहापट. रोज दोन कॅप्सूल घेतल्या तर सुमारे १.२ ग्रॅम क्रिएटिन पोटात जाईल. पाच ग्रॅम मोनोहायड्रेटमधून मिळते तितके हवे असेल तर रोज सात ते आठ कॅप्सूल लागतील आणि डबा आठवडाभरात संपेल. दोन कॅप्सूल पुरतात हे म्हणणे सिद्ध करायचे तर तेवढ्या मात्रेने स्नायूतला साठा तितकाच भरतो असे दाखवावे लागेल.

बफर्ड प्रकाराची २०१२ मध्ये थेट तपासणी झाली. व्यायामाची सवय असलेल्या ३६ जणांवर २८ दिवस प्रयोग करून त्याची मोनोहायड्रेटशी तुलना केली, तेव्हा स्नायूतले क्रिएटिन, शरीराची घडण किंवा ताकद यांपैकी कशातही बफर्ड प्रकार सरस ठरला नाही. त्यामागचे गृहीतकच चुकीचे होते. मोनोहायड्रेट जठरातल्या तीव्र आम्लात नष्ट होत नाही. त्याचा ऱ्हास वेगाने होतो तो सौम्य आम्ल पाण्यात तासन्‌तास, दिवसेंदिवस ठेवल्यावर. इथिल एस्टर नावाचा प्रकारही काही वर्षांपूर्वी जोरात विकला जात होता. २००९ च्या अभ्यासात तो मोनोहायड्रेटपेक्षा सरस तर ठरला नाहीच, उलट घेणाऱ्यांच्या रक्तातले क्रिएटिनीन वाढलेले आढळले, कारण तो रेणू शरीरात पोहोचता पोहोचताच मोडतो. मॅलेट, सायट्रेट, नायट्रेट यांच्याविषयी वेगळे काही सांगण्यासारखे नाही. मायक्रोनाइझ्ड हे मात्र मोनोहायड्रेटच आहे, फक्त बारीक दळलेले. ते पाण्यात लवकर पसरते आणि जिभेला वाळूसारखे लागत नाही. त्यासाठी थोडे जास्त पैसे द्यायला माझी हरकत नाही.

बाटलीबद्दल माझे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. कोरडी पूड फार टणक असते. ४० अंश तापमानात तीन वर्षांहून अधिक काळ ठेवूनही तिच्यात ऱ्हास आढळलेला नाही, त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यात डबा घरातल्या कपाटात असला तरी काळजी नसावी. पाण्यात विरघळल्यानंतर मात्र क्रिएटिनचे हळूहळू क्रिएटिनीन होऊ लागते, आणि पाणी जितके आंबट व गरम तितका हा वेग वाढतो. सामू (पीएच) ३.५ असलेल्या आंबट द्रावणात, साध्या २५ अंशांनाही, तीन दिवसांत सुमारे २१ टक्के नष्ट झाल्याची नोंद आहे. साध्या पाण्यात एका दिवसात फार नुकसान होणार नाही, पण गाडीच्या डिकीत दिवसभर तापलेल्या बाटलीची आणि त्यातही संत्र्याच्या रसाची गोष्ट वेगळी. संत्र्याच्या रसात मिसळून लगेच प्यायल्यास काहीच अडचण नाही. तयार द्रवरूपात विकले जाणारे क्रिएटिन मी याच कारणासाठी कोणाला सुचवत नाही.

लोखंड_सक्करदरा :

ताईंनी शास्त्र सांगितलेच आहे, मी अनुभवाचे सांगतो. पॉवरलिफ्टिंगमध्ये बारा वर्षे घालवली आणि या काळात मोनोहायड्रेट, इथिल एस्टर आणि एचसीएल असे तिन्ही प्रकार पदरचे पैसे खर्चून वापरले. आज माझ्या स्वयंपाकघरात चहा-साखरेच्या डब्यांशेजारी बिनचवीच्या मोनोहायड्रेटचा डबा असतो आणि दुसरे काही नसते.

भाऊ, पोट फुगण्याची तक्रार बहुतेक वेळा लोडिंगमधून, म्हणजे साठा लवकर भरावा म्हणून सुरुवातीचे काही दिवस मोठी मात्रा घेण्यातून, येते. रोज २० ग्रॅम, तेही दोनच वेळांत आणि कमी पाण्यात घेतले तर पोट बिघडणारच. माझे स्वतःचे पहिल्या वेळी असेच झाले होते. दहा ग्रॅम पूड अर्ध्या पेल्यात ढवळून एका दमात प्यायलो आणि रेशीमबाग मैदानावर धावायला गेलो, तो दुसऱ्या फेरीतच परत फिरावे लागले. दोष प्रकाराचा नव्हता, मी घेतलेल्या मात्रेचा होता. लोडिंग करायलाच हवे असेही नाही. १९९६ मध्ये हल्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की सहा दिवस रोज २० ग्रॅम घेऊन स्नायूंत जेवढा साठा वाढतो, जवळपास तेवढाच रोज ३ ग्रॅम घेऊन २८ दिवसांत वाढतो. आपल्याला पुढच्या आठवड्यात स्पर्धा नसेल तर रोज ३ ते ५ ग्रॅम पुरेसे आहेत आणि महिनाभर धीर धरावा.

साध्या पाण्यात ते नीट विरघळत नाही म्हणून लोक बिथरतात. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे १४ ग्रॅमच्या आसपासच विरघळते, म्हणजे पाव लिटरच्या पेल्यात पाच ग्रॅम टाकल्यावर तळाशी पांढरा थर राहणार हे ठरलेलेच. मी पाणी कोमट घेतो, चमच्याने ढवळतो, पितो, आणि तळाशी उरलेल्यावर पुन्हा दोन घोट पाणी घालून तेही संपवतो. तो थर बेसिनमध्ये ओतून देणारे आणि नंतर मोनोहायड्रेटने काही फरक पडला नाही असे म्हणणारे मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

वजन मात्र वाढेल, विशेषतः लोडिंग केले तर पहिल्या आठवड्यात एक-दोन किलोपर्यंत. ही वाढ पाण्याची असते आणि ते पाणी बहुतांशी स्नायूंच्या पेशींत ओढले जाते, त्यामुळे चेहरा सुजतो वगैरे भीती बाळगू नये. वजनगटात खेळणाऱ्याने मात्र हे आधीच हिशेबात धरावे. जिल्हा स्तरावर खेळायची इच्छा असेल म्हणून हेही सांगतो की क्रिएटिन वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, प्रतिबंधित यादीत नाही. धोका असतो तो भेसळीच्या मालाचा. सीलबंद डबा, १४ अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटकांच्या जागी फक्त क्रिएटिन मोनोहायड्रेट एवढेच लिहिलेले, हे सगळे दुकानातच वाचून घ्यावे. प्रोप्रायटरी ब्लेंड असे लिहून कशाचे किती प्रमाण आहे ते लपवलेले असेल तर डबा तिथेच परत ठेवावा.

पॅथॉलॉजी_धंतोली :

क्रिएटिनीनच्या अहवालाबद्दल लिहिते, कारण अशी घाबरलेली तरुण मुले आमच्याकडे बरेचदा येतात.

क्रिएटिन आणि क्रिएटिनीन हे वेगळे पदार्थ आहेत. शरीरातल्या क्रिएटिनचा एक ते दोन टक्के भाग रोज आपोआप क्रिएटिनीनमध्ये बदलतो आणि मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. मूत्रपिंडे मंदावली की तो रक्तात साचतो, म्हणून आपण तो मोजतो. पण मूत्रपिंडे ठणठणीत असूनही त्याचे उत्पादनच वाढले तर आकडा थोडा वर सरकतो. क्रिएटिन घेणे, स्नायूंचे प्रमाण जास्त असणे, आदल्या दिवशी जोराचा व्यायाम होणे, ही सगळी त्याची कारणे असू शकतात. रविवारी रात्री सावजीचे मटण भरपेट खाऊन सोमवारी सकाळी रक्त द्यायला येणाऱ्यांचेही असेच होते, कारण शिजवताना मांसातल्या क्रिएटिनचा काही भाग क्रिएटिनीन होतो आणि तो थेट रक्तात उतरतो. अहवालावर छापलेला ईजीएफआर (मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) याच आकड्यावरून काढलेला असल्याने तोही आपोआप कमी दिसतो.

आपले १.४ बंद केल्यावर १.१ झाले, हे या स्पष्टीकरणाशी जुळते. तरीही माझ्या सांगण्यावरून निश्चिंत होऊ नका. सुरू करण्यापूर्वी एकदा क्रिएटिनीन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासून ठेवा. नंतर कधी शंका आली तर सिस्टॅटिन सी ही मूत्रपिंडांसाठीची दुसरी रक्ततपासणी करून घ्या. ती क्रिएटिनच्या सेवनाने बदलत नाही आणि स्नायूंच्या प्रमाणावरही फारशी अवलंबून नसते. रक्त देताना काय काय घेत आहात ते फॉर्मवर लिहा आणि डॉक्टरांना तोंडीही सांगा. निरोगी माणसांमध्ये शिफारस केलेल्या मात्रेने मूत्रपिंडांना इजा झाल्याचे अभ्यासांत आढळलेले नाही, आणि इंटरनॅशनल सोसायटी ऑफ स्पोर्ट्स न्यूट्रिशनचे २०१७ चे भूमिकापत्रही हेच सांगते. मात्र आधीपासून मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, एकच मूत्रपिंड असलेल्यांनी किंवा अनियंत्रित रक्तदाब, मधुमेह असलेल्यांनी नेफ्रॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय कोणताही प्रकार सुरू करू नये. एचसीएल घेतल्याने हा प्रश्न टळत नाही, कारण रक्तात पोहोचणारा रेणू तोच आहे.

मानेवाडा_बारबेल :

आपण सर्वांनी इतका वेळ दिलात याबद्दल मनापासून आभार. कॅप्सूलचा हिशेब वाचून मी तो कागदावर स्वतः करून पाहिला आणि तेवढ्यावरच माझा निर्णय झाला. उद्या सकाळी उपाशीपोटी तपासणी करून घेतो आणि मग बिनचवीचे मोनोहायड्रेट आणतो. दोन लहान शंका उरल्या आहेत. व्यायामाच्या आधी घ्यावे की नंतर? आणि पावसाळ्यात पुडीचे खडे झाले तर ती फेकून द्यावी का?

रसायन_धरमपेठ :

वेळेने फारसा फरक पडत नाही. साठा भरायला आठवडे लागतात, त्यामुळे रोज न चुकता घेणे महत्त्वाचे, व्यायामाच्या सुट्टीच्या दिवशीही. आपण संध्याकाळी व्यायाम करता, तर रात्रीच्या जेवणाबरोबर घ्या म्हणजे बाटलीचा प्रश्नही मिटेल आणि पोटालाही सोसेल.

खडे झाले म्हणून पूड वाया जात नाही. हवेतला ओलावा शोषून कण एकमेकांना चिकटलेले असतात, ते चमच्याने फोडून घ्यावेत. ओल्या चमच्यामुळे आत पाणी गेले असेल, रंग पिवळसर झाला असेल किंवा वास येत असेल तर मात्र टाकून द्या. जून लागण्यापूर्वी पूड घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत काढून ठेवावी. डब्यातला चमचा बहुधा पाच ग्रॅमचा असतो, पण तो गच्च दाबून भरला की सहाच्याही वर जातो, तेव्हा पहिल्यांदा एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजून बघा.