प्रतिसाद: घरोघरी टीबी तपासणी कशाला?
वर कोणीतरी म्हणलंय की खोकला असेल तर माणूस जाईलच की दवाखान्यात, घरोघरी कशाला फिरायचं. नाही जात हो! २०१९-२१ च्या राष्ट्रीय टीबी सर्व्हेत लक्षणं असलेले ६४ टक्के लोक कुठेच गेले नव्हते. आपल्या सोलापुरात पूर्व भागात बघा, विडी वळणाऱ्या बायकांना खोकला म्हणजे तंबाखूचाच वाटतो, आणि एक दिवस दवाखान्यात घालवला की तेवढ्या विड्या कमी, मजुरी गेली. तिथल्या बऱ्याच जणींची भाषा तेलुगू, म्हणून तेलुगू बोलणारी आशाताई दारात आली तरच तपासणीसाठी थुंकीचा डबा हातात पडतो. आणि नुसती थुंकी नको, एक्सरे पण पाहिजे, त्याच सर्व्हेत जवळपास ४३ टक्के पेशंट फक्त एक्सरेमुळं सापडले. बाकी गोळ्या फुकट आहेत, निक्षय पोषण योजनेचे (टीबी पेशंटला सकस खाण्यासाठी सरकारी मदत) महिना १००० रुपये पण मिळतात (खात्यात वेळेवर पडले तर).