जुने ओमेगा सीमास्टर घेण्याआधी तबकडीबद्दल मत हवे आहे

नमस्कार. ओमेगा या स्विस कंपनीचे साठच्या दशकातले एक सीमास्टर घड्याळ विकत घेण्याचा विचार आहे. विक्रेता ते 'पूर्णपणे मूळ, कधीही रंगकाम न झालेले' असे सांगून देऊ करत आहे आणि किंमतही त्याच हिशेबाने मागत आहे. घड्याळ मी प्रत्यक्ष हाताळले असून मागचे झाकण उघडून आतले यंत्रही पाहिले आहे. काही गोष्टी इतक्या चपखल जुळतात की घड्याळ खोटे आहे असे म्हणवत नाही. पण तबकडी पाहिली की शंका येते, म्हणून जाणकारांचे मत हवे आहे.

आधी जुळणाऱ्या गोष्टी सांगतो. झाकणाच्या आतल्या बाजूला १६६.०१० हा संदर्भ क्रमांक कोरलेला आहे. ओमेगाच्या १९६२ नंतरच्या पद्धतीनुसार १६६ ने सुरू होणारा क्रमांक पुरुषांच्या, स्वयंचलित आणि तारीख दाखवणाऱ्या घड्याळाचा असतो. तारीख नसती तर तो १६५ ने आणि तारखेसह क्रोनोमीटर (अचूकतेच्या चाचणीत उतरलेले) म्हणून प्रमाणित असते तर १६८ ने सुरू झाला असता. आतले यंत्र कॅलिबर (यंत्राचा प्रकार) ५६५ आहे, २४ ज्वेल्सचे, म्हणजे घर्षण कमी करणाऱ्या खड्यांचे, ओमेगाच्या त्या काळातल्या ओळखीच्या तांबूस मुलाम्याचे. त्यावरचा आठ अंकी क्रमांक २४ ने सुरू होतो, म्हणजे निर्मिती १९६६ च्या आसपासची असावी. चावी काटे फिरवण्याच्या जागेच्याही पुढे बाहेर ओढली की तारीख एकेक घर पुढे जाते. ५६५ मध्ये हेच व्हायला हवे, कारण आधीच्या ५६२ मध्ये ही सोय नव्हती. झाकणाच्या आत जुन्या दुरुस्त्यांच्या वेळी कारागिरांनी टोकदार हत्याराने कोरून ठेवलेल्या बारीक खुणाही आहेत, आणि त्या पाहून मला बरेच वाटले.

चावीवर ओमेगाचे चिन्ह नाही आणि काचेच्या मधोमध भिंगातून दिसणारे ते सूक्ष्म चिन्हही नाही, म्हणजे दोन्ही कधीतरी बदलले गेले आहेत. याचे मला फारसे वाटत नाही. केसला, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाला, मात्र पॉलिश झालेले आहे. पट्टा जिथे बसतो त्या लगच्या कडा गोलसर झाल्या आहेत आणि झाकणावरच्या समुद्रघोड्याच्या मानेवरचे बारकावे पुसट झाले आहेत.

आता तबकडी. तिच्या तळाशी केवळ 'स्विस मेड' असे छापले आहे, दोन्ही बाजूंना 'टी' हे अक्षर नाही. पण तासांच्या खुणांच्या टोकांवर आणि काट्यांवर चमकणारा लेप आहे, आणि विजेरीचा प्रकाश क्षणभर पाडून खोलीत अंधार केल्यावर तो हिरवट रंगात बराच वेळ स्वच्छ चमकत राहतो. शिवाय 'सीमास्टर' या शब्दातल्या पहिल्या अक्षराची लांब शेपटी मला जाडसर वाटते, आणि मिनिटांच्या रेघांपैकी चार वाजण्याच्या जागेजवळची रेघ उठावदार खुणेच्या मध्यावर न येता किंचित बाजूला गेली आहे. तबकडी एकंदरीत फारच स्वच्छ आहे. एवढ्या वयाच्या घड्याळाला न शोभणारी ही स्वच्छता मला डागांपेक्षा जास्त खटकते.

विक्रेत्याचे म्हणणे असे की त्याच्याकडे कंपनीच्या दप्तरातला उतारा आहे, त्यात यंत्राचा क्रमांक, संदर्भ क्रमांक आणि निर्मितीची तारीख नोंदलेली आहे, त्यामुळे शंकेला जागाच नाही. तेव्हा माझे प्रश्न असे: या लेपावरून आणि छपाईवरून तबकडी नंतर रंगवलेली आहे असे ठामपणे म्हणता येईल का, त्या उताऱ्याला किती वजन द्यावे, आणि तबकडी मूळ नसेल तर किमतीचा विचार कसा करावा? घड्याळ मला वापरण्यासाठी हवे आहे, गुंतवणूक म्हणून नाही. तरीही मूळ वस्तूचे पैसे देऊन रंगवलेली वस्तू घेण्याची इच्छा नाही.

प्रतिसाद:

तुमचे निरीक्षण चांगले आहे, पण निष्कर्षाकडे जाताना मधली एक शक्यता सुटली आहे. साठच्या दशकात चमकणाऱ्या लेपातल्या किरणोत्सारी रेडियमची जागा ट्रिटियमने घेतली आणि तबकडीवर ट्रिटियम असल्याचे सांगण्यासाठी तळाशी 'टी' ही अक्षरे छापली जाऊ लागली. ट्रिटियमचे अर्धायुष्य साधारण १२.३ वर्षांचे आहे, म्हणजे १९६६ च्या लेपात आज मूळच्या तीन-चार टक्केच किरणोत्सार उरलेला असणार. असा लेप विजेरीखाली धरला तर कधी कधी किंचित उजळतो, पण काही क्षणांत विझतो. तुमचा लेप बराच वेळ चमकतो, म्हणून तो नव्वदच्या दशकातला किंवा त्यानंतरचा, प्रकाश साठवून चमकणारा आणि किरणोत्सार नसलेला आहे, हे जवळपास निश्चित धरा.

पण तेवढ्यावरून तबकडी कोणीतरी रंगवली असे सिद्ध होत नाही. पूर्वी अनेक मालक घड्याळ कंपनीकडे दुरुस्तीला पाठवत आणि कंपनी जुनी तबकडी व काटे काढून आपलेच नवे भाग बसवून देत असे. अशा बदली तबकडीवर नवा लेप आणि 'टी'विना 'स्विस मेड' असणे अगदी स्वाभाविक आहे. ती मूळ नसते, पण कंपनीची असते. तिसरी शक्यता म्हणजे बाहेरच्या कारागिराने जुनी तबकडी घासून पुन्हा छापणे, आणि तुम्ही सांगितलेली जाड शेपटी व सरकलेली रेघ याच दिशेने बोट दाखवतात. कारखान्यातल्या छपाईत अक्षराची शेपटी निमुळती होत संपते. हाताने केलेल्या पुनर्छपाईत ती टोकाशी अडखळते किंवा शाईचा गोळा सोडते.

दहापट भिंग घेऊन तीन जागा पाहा. तारखेच्या खिडकीच्या आतल्या कडेवर रंग ओघळला आहे का, उठावदार खुणांच्या पायाशी लाखेचे बारीक तळे साचले आहे का, आणि तबकडीच्या परिघावर, केसच्या कडेखाली लपेल अशा जागी, एखादी छोटी खाच कापलेली आहे का. पुन्हा रंगवताना तबकडी नेमक्या दिशेने बसवता यावी म्हणून काही कारागीर अशी खाच पाडतात. खात्रीचा उपाय म्हणजे चांगल्या घड्याळजीकडून तबकडी उतरवून तिची मागची बाजू पाहणे, पण ते विक्रेत्याच्या लेखी परवानगीनेच करावे. लेप स्वतः खरवडून पाहण्याचा मोह मात्र टाळा. काट्यांवर जुना थर उरला असेल तर त्याची धूळ श्वासात जायला नको.

उताऱ्याबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. दप्तरातली नोंद त्या क्रमांकाचे यंत्र कधी आणि कोणत्या घड्याळात बसवून बाहेर पडले एवढे सांगते. आज समोर असलेल्या तबकडीबद्दल, काट्यांबद्दल किंवा केसबद्दल ती काहीच सांगू शकत नाही. जिनेव्हात नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमेगाचे एक १९५७ चे स्पीडमास्टर लिलावात ३१ लाख स्विस फ्रँकपेक्षा अधिक किमतीला गेले होते, आणि २०२३ मध्ये ते वेगवेगळ्या घड्याळांच्या भागांतून जुळवलेले असल्याचे समोर आले. लिलावातल्या तज्ज्ञ नजरेखालून जर असे घड्याळ जात असेल तर एका कागदाच्या आधारावर निर्धास्त होण्यात अर्थ नाही.

प्रतिसाद:

किमतीपुरते लिहितो. सीमास्टर हे फार मोठ्या संख्येने बनलेले घड्याळ आहे, त्यामुळे दुर्मिळतेची किंमत यात जवळजवळ नाही; जी आहे ती अवस्थेची. आणि अवस्थेत सर्वांत मोठा वाटा तबकडीचा असतो, त्यानंतर केसच्या कडांचा. डाग पडलेली पण मूळ तबकडी ही आरशासारख्या रंगवलेल्या तबकडीपेक्षा संग्राहकांना जास्त प्रिय असते, आणि तुमच्या घड्याळाचे तबकडी आणि पॉलिश ही दोन्ही अंगे दुबळी आहेत. तुलना करताना विक्रीला लावलेल्या किमती पाहू नका, कारण तिथे कोणीही काहीही मागतो. प्रत्यक्ष विक्री झालेल्या व्यवहारांचे आकडे पाहा, आणि तेही त्याच संदर्भ क्रमांकाचे व तशाच तबकडीचे.

यंत्र टाइमग्राफरवर, म्हणजे घड्याळाची चाल मोजणाऱ्या उपकरणावर, लावून घ्या. हे कॅलिबर ताशी १९,८०० ठोक्यांचे आहे. पूर्ण चावी भरल्यावर आडव्या स्थितीत अँप्लिट्यूड (तोलचक्राच्या झोक्याचा कोन) २७० अंशांच्या पुढे असेल तर उत्तम. २०० च्या आसपास घुटमळत असेल तर तेल सुकलेले आहे असे समजून संपूर्ण साफसफाईचा खर्च किमतीतून वजा करा. घड्याळ दिवसाला किती सेकंद पुढे जाते या एकाच आकड्यावर समाधान मानू नका, कारण अँप्लिट्यूड पडलेले घड्याळही तात्पुरते वेळेवर आणता येते.

धागाकर्ता:

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. भिंगाखाली पाहिले: खिडकीच्या आतल्या कडेवर रंग ओघळलेला आहे आणि आठ व नऊच्या खुणांच्या पायाशी लाख साचलेली स्पष्ट दिसते. त्यामुळे कंपनीची बदली तबकडी ही शक्यता मी सोडून दिली आहे. अँप्लिट्यूड २३५ अंश आला. तबकडी उतरवायला विक्रेता तयार नाही, म्हणून ती पुन्हा रंगवलेलीच आहे असे धरून आणि साफसफाईचा खर्च वजा करून मी माझी किंमत त्याला कळवली आहे. एक शेवटचा प्रश्न: त्याने ती मान्य केली, तर याच संदर्भ क्रमांकाची जुनी मूळ तबकडी वेगळी शोधून बसवणे शहाणपणाचे ठरेल का?

प्रतिसाद:

वापरण्यासाठी हवे असेल तर नाही. सुट्या मूळ तबकड्या महाग मिळतात, त्यांतल्याही बऱ्याच रंगवलेल्या निघतात, आणि पाय (तबकडीच्या मागच्या, तिला यंत्रावर बसवणाऱ्या खुंट्या) व तारखेची खिडकी बरोबर जुळली तरी तुमचे घड्याळ दोन घड्याळांतून जुळवलेलेच होणार. पुढे कधी विकायची वेळ आली तर तेही सांगावे लागेल. कमी किमतीत मिळाले तर आहे तसे साफ करून घाला. जलरोधकतेवर मात्र अजिबात विसंबू नका, कारण चावी बदललेली आहे आणि रबरी गॅस्केट शेवटची कधी बदलली हे कोणालाच माहीत नाही. विक्रेता किमतीवर अडून बसला तर थांबा. या संदर्भ क्रमांकाची घड्याळे पुन्हा विक्रीला येत राहतात.